हळदीआईची बॅटरी

“रडली रे! आई रडली!”

मंगळवार, सकाळचे अकरा. आमच्या धामणदऱ्यात हळदीच्या गोदामापुढं जमलेली दीड-दोनशे माणसं एकदम मटकन खाली बसली. बाया पदर पसरून, बापे टोप्या काढून. गोदामाच्या पत्र्याकडून आवाज येत होता, ‘ऊंऽऽ... ऊंऽऽऽ... उंऽ’. एखाद्या बाईनं तोंडात पदर कोंबून रडावं तसा. तो हळूहळू खोल गेला, घोगरा झाला आणि विझला. पुढच्या रांगेतल्या कमलबाईनं तर स्वतःच गळा काढला.

ओट्यावर बसलेल्या भुवननाथ महाराजांनी सावकाश डोळे उघडले.

“काय बोललो होतो मी? अकरा! एक मिनिट इकडं न्हाई, एक मिनिट तिकडं न्हाई. आई रडली. आता जा, बघून या, तिच्या रडण्यानं गावातली वीज पळाली असंल!”

एक जण धावत पानटपरीवर गेला आणि तिथला पंखा बघून आला.

“गेली! बराबर गेली महाराज!”

“जाणारच. ब्रह्मांडाची सगळी ऊर्जा आई खेचून घेते, मंग तुमच्या तारेत काय उरंल? व्हायब्रेशन हाय हे, व्हायब्रेशन! परदेशात मोठमोठे लोक यावर शोध लावून राहिले.”

परदेशातल्या लोकांना दुसरा धंदा नसावा, असं मला वाटलं. पण मी गप्प बसले, आणि मी गप्प बसणं ही आमच्या गावात चमत्कारापेक्षा मोठी गोष्ट आहे.

मी सुमनबाई. गोदामाच्या भिंतीला लागून माझी पिठाची गिरणी आहे. नवरा गेल्यापासून अठरा वर्षं मीच ती चालवते. तोंडानं फटकळ आहे हे आधीच सांगते, म्हणजे पुढं कोणी नवल करायला नको.

हे गोदाम वसमतकडच्या एका शेठचं. तीन-चार वर्षांमागं हळदीला सोन्याचा भाव आला तेव्हा त्यानं ते पोत्यांनी ठासून भरलं होतं. मग शेठनं धंदा दुसरीकडं हलवला. आता आत जुना बारदाना आणि उंदीर. राखणीला तांड्यावरची अनुसयाबाई. सत्तरीची म्हातारी, कमरेला किल्ली, रोज बाहेरून झाडून जाते.

आवाज सुरू झाला माघात. पहिल्या आठवड्यात लोक घाबरले. दुसऱ्या आठवड्यात नारळ फुटला. तिसऱ्या आठवड्यात नाव पडलं, हळदीआई. आणि चौथ्या आठवड्यात महाराज हजर! गूळ सांडला की मुंगळ्याला पत्ता सांगावा लागत नाही. गाव कोणतं विचारलं तर म्हणे, साधूला गाव नसतं. दक्षिणा रोख घेत नसत, ‘पैसा माया आहे’ म्हणायचे. फक्त हळकुंडं घ्यायचे, माणशी ओंजळभर. हळदीचा भाव ज्याला माहीत आहे त्याला माया नेमकी कशात आहे ते कळेल. देविदास नावाचा त्यांचा चेला दर दोन दिवसांनी पोती भरून कुठंतरी धाडायचा.

पण एक गोष्ट मलाही कोड्यात टाकत होती. आई कधी रडणार ती वेळ महाराज आदल्या दिवशी सांगायचे, आणि ती कधीच चुकायची नाही. कधी अकरा, कधी दोन, कधी सव्वाचार. हे त्यांना कुठून कळत होतं?

त्या मंगळवारी मात्र महाराज वेळ सांगून थांबले नाहीत.

“आई काहून रडते, विचारलं का कोणी? माघात या गावात एक पाऊल आलं. नवं पाऊल. पांढरं पाऊल! त्या पावलानं आईच्या काळजावर पाय दिला.”

दीडशे मुंडकी माझ्याकडं वळली. माघातच माझ्या स्वप्निलचं लग्न झालं होतं. सून मंजुषा, कनेरगाव नाक्याची. तिला नुकता तिसरा महिना लागला होता.

“शुक्रवारी दिवस मावळायच्या आत तिनं गावाची शीव ओलांडावी,” महाराज म्हणाले. “नऊ दिवस नुसत्या हळदीच्या पाण्यावर ऱ्हायचं. वर्षभर इकडं तोंड दाखवायचं न्हाई. न्हाईतर या पंचक्रोशीतली हळद जागेवर कुजंल!”

“नऊ दिवस पाण्यावर? दोन जिवांची हाय ती!” मी ओरडले.

“दोन जिवांची? मंग तर दुप्पट दोष,” महाराज म्हणाले. आणि कमलबाई माझ्या अंगावर आली, “सुमन, एका पोरीपायी गावाचं पीक बुडवतीस का?”

घरी आले तर स्वप्निल आधीच येऊन, मान खाली घालून बसलेला.

“माय, एका वर्षाचाच सवाल हाय. गावाशी वैर कशाला घ्यायचं?”

“एका वर्षाचा? तुझ्या लेकराच्या जन्माचा सवाल हाय, भाड्या! माघात तर ऊन पण वाढलं, लोडशेडिंग पण सुरू झालं. त्यांना पण माहेरी धाडतोस का?”

पोरगं वाईट नाही, पण दहा माणसं एका सुरात बोलली की त्याचा पाठीचा कणा शेवईसारखा होतो. बायकोकडं त्याला बघवत नव्हतं, आणि हे मला जास्त लागलं.

मंजुषा परातीत पीठ मळत होती. ती रडेल असं मला वाटलं होतं. तिनं हात धुतले आणि विचारलं,

“आत्याबाई, आधी रडणं येतं का आधी लाईट जाते?”

“आधी रडते, मंग लाईट जाते. सगळं गाव म्हणतं.”

“गावाचं ऱ्हाऊ द्या, तुमचं सांगा. त्या टायमाला गिरणी तुमी चालवता.”

तीन महिने रोज तिथं उभी राहून मी कधी हे बघितलंच नव्हतं! गाव म्हणालं आधी आई, मी म्हणाले आधी आई. स्वप्निलला शेवई म्हणणारी मी, मी तरी कुठं वेगळी होते?

बुधवारी अकराच्या आधी मी गिरणीच्या पट्ट्यापाशी जाऊन उभी राहिले आणि नजर वरच्या दिव्यावर ठेवली. दिवा विझला. मोटर थांबली, जातं आपल्या वेगानं गरगरत राहिलं, आणि त्यानंतर, एक श्वास घेऊन सोडावा एवढ्या वेळानं, पत्र्याकडून आलं, ‘ऊंऽऽ’.

लाईट आधी. रडणं मग.

मंजुषा तेव्हा बाहेर लिंबाच्या झाडाखाली, मान वर करून उभी होती. मी बाहेर आले तर ती चक्क हसत होती.

“आत्याबाई, माझ्या बाबांचं नाक्यावर बॅटरीचं दुकान हाय. ढाब्यावर ट्रकवाले दिवे चालू ठेवून झोपतात, अन् सकाळी हॉर्न दाबला की तो असाच रडतो. ही देवी न्हाई. बॅटरी बसली हाय कोणाची तरी. तो बघा डबा.”

लिंबाच्या फांदीआड, पत्र्याच्या वळचणीला एक प्लास्टिकचा डबा होता, कबुतरांनी रंगवलेला, मधे लाल काच. तो मला माहीत नव्हता असं नाही. हळद महागली तेव्हा शेठनं चोराच्या भीतीनं तो बसवला होता. चोर आला की बोंब मारणारा सायरन. पण इतकी वर्षं रोज दिसत होता, म्हणून आम्हाला दिसेनासा झाला होता.

“पण सायरन कसा पोंऽ पोंऽ करतो. असा रडतो का?”

“पोट भरलेला सायरन पोंऽ करतो. हा उपाशी हाय.” तिनं मग नीट सांगितलं. अशा डब्याच्या पोटात स्वतःची छोटी बॅटरी असते. चोरानं बाहेरून वायर कापली, तर डब्यानं आपल्या जोरावर ओरडावं म्हणून. “लाईट गेली की त्याला वाटतं, वायर कापली. तो ओरडायला जातो, पण बॅटरी जुनी, अंगात दम न्हाई. म्हणून हुंदके.”

म्हणजे ज्याच्यापुढं आम्ही तीन महिने नारळ फोडत होतो, तो उपाशी राखणदार होता!

गुरुवारी तिचे वडील, उकंडराव, मोटरसायकलवर आले. गावातून कोणीतरी त्यांना फोन केला होता, लेकीला घेऊन जा म्हणून. डोळे लाल, आवाज बसलेला.

“चल बाई, कपडे भर. इथं तुला जीव लावणारं कोणी न्हाई.”

“मला नेऊ नका बाबा. मुठीएवढी बॅटरी द्या, बारा व्होल्टची.”

त्यांनी आधी लेकीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि किक मारून परत नाक्याला गेले. संध्याकाळच्या आत बॅटरी आली.

शुक्रवारी दिवस उगवायला, महाराज ओट्यामागं घोरत असताना, आम्ही शिडी लावली. मंजुषाला चढू द्यायचं नव्हतं. स्वप्निलला विचारायचं नव्हतं. तेव्हा बावन्न वर्षांची मी, कासोटा घट्ट करून, पाना तोंडात धरून वर. शिडी धरायला अनुसयाबाई.

“पडलीस तर महाराज म्हणंल आईनं ढकललं,” ती खालून म्हणाली.

“न्हाई पडत. तू हासू नको, शिडी हलते.”

झाकण उघडलं. आत कडेला एक बारीक बटण होतं. मंजुषा खालून म्हणाली की झाकण काढताच ते बटण सुटतं आणि सायरन ओरडतो. पण त्यावर कुंभारमाशीनं मातीचं घर बांधून ते पक्कं दाबून ठेवलं होतं. देवीपेक्षा त्या माशीचे उपकार मोठे. जुनी बॅटरी फुगून मऊ पडली होती. ती काढली, लाल वायर लालला, काळी काळीला जोडली, आणि झाकण लावून खाली आले. असा अभिमान मला लग्नातही वाटला नव्हता.

आणि अभिमान वाटला की माझं तोंड सुटतं. साडेदहाला माणसं जमली तशी मी त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

“ऐका गं बायांनो, बापेहो! ही कोणी आई-बिई न्हाई. डब्याची बॅटरी बसली होती, मी सकाळी बदलली. आज अकराला लाईट जाईल, अन् एक चकार आवाज येणार न्हाई. आला तर माझं नाव बदला!”

महाराज दचकले. त्यांनी देविदासकडं बघितलं, देविदासनं वर पत्र्याकडं. गर्दी कुजबुजायला लागली.

अकरा वाजले. माझ्या गिरणीतला दिवा विझला.

‘कींऽऽऽऽऽऽऽऽऽ!!!’

अरे देवा! हुंदका कसला, आभाळ फाटल्यासारखी किंकाळी! लाल काच लपालपा पेटायला लागली. म्हशींनी दावी तोडली. माणसं एकमेकांच्या अंगावरून पळाली. महाराजांनी ओट्यावरून थेट खाली उडी मारली आणि हळदीच्या पाण्याच्या घंगाळात पाय घालून आडवे झाले. पण उठले तेव्हा गुडघ्यापर्यंत पिवळे, आणि तोंड असं की जणू उडी मारायचं ठरलेलंच होतं.

“आईला हात लावलात! सहन करत होती बिचारी, आता चवताळली! दिवस मावळायच्या आत ती पोरगी गावात दिसली, तर पुढचं मी सांगत न्हाई!”

वीस मिनिटं ते किंचाळणं चाललं आणि आपोआप थांबलं. माणसं माझ्याकडं पाठ करून निघाली. कमलबाई जाता जाता म्हणाली, “काय नाव ठेवायचं गं तुझं आता?” मी मान खाली घालून घराची वाट धरली. आयुष्यात पहिल्यांदाच.

घरी गेले तर स्वप्निलनं मंजुषाची बॅग अंगणात आणून ठेवली होती. मी खाटेवर बसले आणि खरं सांगते, रडले. बॅटरीवाल्या डब्यासारखी नाही, चांगली रडले. वाटलं, आपण अडाणी, उगाच शहाणपणा केला, आणि माझ्यामुळं त्या पोरीचं उरलंसुरलं गेलं.

मंजुषा बॅगवर बसली होती, कपाळाला आठी घालून.

“आत्याबाई, रडू नका, विचार करा. आज जोरात ओरडला काहून?”

“मला काय माहीत!”

“बॅटरी नवी होती म्हणून. म्हणजे आपलं अर्धं बराबर हाय. डबाच ओरडतो, आणि बॅटरीवरच ओरडतो. पण लाईट गेली तरी त्याला कोणीतरी आतून सांगायला पाहिजे, ‘गप ऱ्हा, लाईटच गेली, चोर न्हाई आला’. ते सांगणारं बंद पडलंय. मी घाईत तेच विसरले. चूक माझी.”

अनुसयाबाई दारात उभी होती. ती म्हणाली, “आत? आत एक रातकिडा हाय. दोन-तीन महिने झाले, एकटाच टिक-टिक करून राहिला. दिवसा पण. मी म्हणलं, असला कसला रातकिडा, याला झोप न्हाई?”

मंजुषा ताडकन उठली. “कुठं हाय? भिंतीत? खोका हाय का तिथं?”

“हाय की, पांढरा. पिवळा दिवा लागतो.”

गोदामाच्या दाराला महाराजांनी लिंबू आणि लाल दोरा बांधला होता. उघडणारा रक्त ओकेल, अशी ताकीद होती. अनुसयाबाईनं मागच्या दाराशी जाऊन तिथला दोरा तोडला, लिंबू पदरात टाकलं.

“याडी!” तिनं तांड्याच्या बोलीत आईचं नाव घेतलं. “सरबताला होईल. चला.”

भिंतीवर तो पांढरा खोका होता. सगळ्या सायरनचा मेंदू. त्यात विटेएवढी बॅटरी, लाईट गेल्यावर मेंदू जागा ठेवणारी. तीही फुगून मेलेली. रातकिडा म्हणजे हाच खोका, माझी बॅटरी बदला म्हणून तीन महिने बोंबलत होता. दोन बॅटऱ्या होत्या, आणि आम्ही एकच बदलली होती!

“आता ही कुठून आणायची? नाक्याला जाऊन येईपर्यंत दिवस मावळंल,” मी म्हणाले.

मागून आवाज आला, “अशी तर आपल्या फवारणीच्या पंपात हाय.”

स्वप्निल होता. आमच्या मागं मागं आला होता वाटतं. त्यानं बायकोकडं बघितलं, मान खाली घातली आणि पळत सुटला. पाच मिनिटांत पाठीवरच्या पंपातली बॅटरी खोलून घेऊन आला. तेवढीच, तसल्याच टोकांची. बसवली. लाईट नसतानाही खोका जागा झाला, पिवळ्याऐवजी हिरवा दिवा लागला. रातकिडा गप्प. बाहेर लपलपणारी लाल काचही शांत झाली.

“आता लाईट गेली तरी ओरडणार न्हाई,” मंजुषा म्हणाली. “आणि ओरडायला पाहिजे तेव्हा ओरडवता येईल. ही डब्याकडं जाणारी वायर. काढली की डब्याला वाटंल चोर आला. लावली की गप.”

दोनला लाईट आली. मी गिरणी उघडली. महाराजांची पायलीभर गव्हाची पिशवी घेऊन देविदास रोजच्यासारखा आला. पिशवी ठेवली आणि रोजच्यासारखाच दाराकडं वळून बघत उभा राहिला. त्याच्या नजरेमागं माझी नजर गेली, आणि माझ्या डोक्यात कोणीतरी बटण दाबलं.

माझ्या गिरणीच्या दारावर काळी पाटी आहे. बायांना दळण घेऊन उगाच हेलपाटा नको, म्हणून वायरमन मला लाईट जायची वेळ आदल्या दिवशी फोनवर सांगतो आणि मी ती खडूनं लिहून ठेवते. ‘उद्या गिरणी बंद, ११ ते २.’ सगळं गाव ती पाटी वाचायचं. पण पाटी गिरणीची आणि रडणं देवीचं, दोन्ही गोष्टी कोणी एका ठिकाणी ठेवून बघितल्याच नाहीत. देविदासनं बघितल्या. म्हणजे दोन महिने महाराजांचं त्रिकालज्ञान मी लिहीत होते, माझ्या अक्षरात, फुकट!

देविदासच्या देखत मी खडू उचलला आणि लिहिलं, ‘आज परत बंद, ४ वाजता.’ लाईट काही चारला जायची नव्हती. देविदास पीठ न घेताच गेला.

साडेतीनला गावात दवंडी. महाराज ध्यानात गेले होते आणि त्यांना दिसलं होतं: आई आज चार वाजता शेवटची रडणार, त्यानंतर पोरगी निघालीच पाहिजे.

चारला पाय ठेवायला जागा नव्हती. मी गिरणी मुद्दाम चालू ठेवली होती, घरघर सगळ्यांना ऐकू यावी म्हणून. स्वप्निल गोदामात वायरीपाशी, फटीला डोळा लावून माझ्याकडं बघत. मंजुषा बॅग घेऊन गर्दीच्या पुढं, एकटी उभी.

चार वाजले. चार वाजून पाच झाले. गिरणी घरघरत होती. पत्रा गप्प.

“महाराज,” मी ओरडून विचारलं, “आई रडली न्हाई!”

महाराजांच्या कपाळावर घाम आला, पण जीभ कोरडी पडली नव्हती. “प्रसन्न झाली! पोरगी बॅग घेऊन निघाली, ते बघून आई हसली! आता वर्षभर रडायची न्हाई!”

“वर्षभर?”

“माझा शब्द हाय!”

मी पदरानं तोंड पुसलं. ती खूण होती. आत स्वप्निलनं वायर काढली.

‘कींऽऽऽऽऽ!’

गर्दी हादरली. महाराज घंगाळापासून दोन पावलं लांब सरकले. “को... कोपली! पोरगी अजून उभी हाय म्हणून कोपली!”

मी पुन्हा तोंड पुसलं. शांत.

“शांत झाली! माझ्या मंत्रानं शांत झाली!”

‘कींऽऽऽ!’

“कोपली!”

शांत.

“प्रसन्न...”

‘कींऽऽ!’

“कोप... प्रस... कोप...”

पहिल्यांदा कोण हसलं माहीत नाही. बहुतेक अनुसयाबाई, कारण तिला दात नाहीत आणि तिचं हसू शिट्टीसारखं वाजतं. मग एकेक करत सगळी गर्दी हसली. स्वप्निल आत इतका रंगात आला होता की त्यानं आईची प्रसन्नता आणि कोप तालात वाजवायला सुरुवात केली. शेवटी मला जाऊन त्याचा कान धरावा लागला.

मग मी सगळ्यांना दहा-दहा करून आत नेलं. मंजुषानं दोन मेलेल्या बॅटऱ्या दाखवल्या, जिवंत दाखवल्या, मेन स्विच पाडून दाखवला. लाईट गेली, डबा गप्प. मी पाटी दाखवली आणि पाटी बघून महाराज कसा बोलायचा तेही सांगितलं. देविदास तेवढ्यात पळाला, पण हळकुंडांची भरलेली पोती राहिली. महाराजाला तरुण पोरांनी ओट्यावरच बसवून ठेवलं आणि सेनगावच्या पोलिसांना बोलावलं. असल्या फसवणुकीविरुद्ध आपल्या राज्यात कायदा आहे, हे त्या पोरांना माहीत होतं. तीन महिने ती पोरंही नारळ फोडत होती, हेही लिहून ठेवते.

स्वप्निलनं बॅग उचलून घरात नेली आणि म्हणाला, “मंजुषा, माझं चुकलं.” ती म्हणाली, “व्हय, चुकलं. आधी पंपात दुसरी बॅटरी टाका, मुगावर फवारायचंय.” एवढ्यानं तो सुटला असं मात्र नाही. महिनाभर त्याच्या ताटात भाकरी मी वाढत होते, ती नाही.

सगळे गेले तरी कमलबाई गोदामातच राहिली होती. तिनं स्वतः वायर काढली, लावली, काढली, लावली. चार वेळा. मग पोत्यावर बसली.

“सुमन, मंग माझी म्हैस कशानं मेली?”

मला एकदम कळलं ती कशाबद्दल बोलतेय. तीन वर्षांमागं तिची सून पुजा घरात आली त्याच आठवड्यात तिची म्हैस मेली होती. तेव्हा दुसरा कोणी बाबा होता, त्यानंही पांढरं पाऊलच सांगितलं. पुजाला साखऱ्याला माहेरी घातलं, ते आजतागायत आणलं नाही.

“सोळा वर्षांची म्हातारी म्हैस होती, कमल,” मी म्हणाले. “तिचे दिवस भरले होते.”

दुसऱ्या दिवशी कमलबाईनं मला सोबत घेतलं आणि आम्ही साखऱ्याला गेलो. पुजा अंगणात कपडे वाळत घालत होती. कमलबाईनं हात जोडले, सगळं सांगितलं, डब्याचं, बॅटरीचं, म्हशीचं. पुजानं शेवटचा कपडा झटकून दोरीवर टाकला आणि म्हणाली,

“बरं झालं तुमाला समजलं. पण माझी तीन वर्षं आता कोण देणार?”

ती आली नाही. कमलबाई परतीच्या वाटेवर गाडीत तोंड झाकून बसली, आणि मी, गावातली सगळ्यात फटकळ बाई, नुसता तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

म्हणून वाचणाऱ्यांना हात जोडून सांगते. कुठं काही रडलं, पेटलं, हललं, तर घाबरा, माझी हरकत नाही. मीही घाबरले होते. पण कोणाच्या लेकीला घराबाहेर काढायच्या आधी एकदा जवळ जाऊन बघा, आणि ‘काहून?’ विचारा. पहिलं उत्तर चुकलं तर पुन्हा विचारा, आमचंही चुकलं होतं. विचारल्यानं देव रागावत नाही, रागावतो तो महाराज.